काळ्या मातीत गावची पाण्याची लाइन टाकताना

गावातली लाइन फुटली की पहिला दोष पाइपाला दिला जातो. पाइप कधी निकृष्ट निघतोही, पण मराठवाड्याच्या काळ्या मातीत खरा बिघाड बहुतेक वेळा चरात असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि खोल भेगा पडतात. तिच्यात नुसता पुरलेला पाइप दरवर्षी ओढला-दाबला जातो आणि जोडावर किंवा नळजोडणीच्या सॅडलपाशी (घराचा नळ काढायला मुख्य पाइपावर बसवलेला पट्टा) तुटतो. म्हणून पैसे कमी असतील तर कपात दुसरीकडे करा, पाइपाभोवती भरायच्या मुरमात नको.

पाइपाच्या माथ्यावर किमान ९० सेंटीमीटर भराव येईल एवढा चर खोल हवा. काळ्या मातीत त्याखाली आणखी १५ सेंटीमीटर खणून चाळलेला मुरूम किंवा वाळू भरा, पाणी मारा, धुमसा. जेसीबीने खणलेला तळ सपाट नसतो. शेवटची साफसफाई फावड्यानेच करावी लागते. जोड जिथे येणार तिथे तळात छोटा खळगा ठेवा. तो नसला तर अख्खा पाइप कॉलरवर, म्हणजे जोडाच्या रुंद तोंडावर, टेकतो, मधला भाग अधांतरी राहतो आणि वरून ट्रॅक्टर गेला की चीर पडते. पाइपाच्या दोन्ही कुशींत मुरूम सारखा दाबत आणा, माथ्यावरही १५ सेंटीमीटर मुरूमच घाला. त्यावर चरातून निघालेली माती चालते, पण दगड आणि ढेकळं काढून, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी.

पाइप निवडायला मोकळीक असेल तर काळ्या मातीत एचडीपीई (लवचीक काळा प्लास्टिक पाइप) घ्यावा. तो वाकतो, आणि वेल्डिंग नीट झालं तर जोड पाइपाइतकाच मजबूत राहतो. पीव्हीसी घेतलात तर जोड सकाळी करा. टोक सरळ कापा, कानशीने कडेची धार घासून काढा, पॉलिश पेपरने खरवडा, कोरडं पुसा, सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा, खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात सोल्यूशन पाइप आत जाण्याआधीच सुकतं. शिवाय तापलेला पाइप लांब झालेला असतो: २० अंशांच्या फरकाने १०० मीटर पीव्हीसी दहा-बारा सेंटीमीटर तरी आखडतो. दुपारी ताणून चिकटवलेली लाइन रात्री जोडातून सुटते ती यामुळे. चरात पाइप किंचित नागमोडी टाका. बेंड, टी आणि लाइनच्या टोकाला काँक्रीटचा ठोकळा हवाच, आणि तो पक्क्या, न खणलेल्या मातीला टेकलेला हवा.

जोड मातीने न झाकता चाचणी घ्या. लाइन सावकाश भरून सगळी हवा काढा, मग चाचणीच्या हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. दाब मोजताना दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे एक किलो धरा. टाकीच्या उंचीत गावाचा उतारही मिळवा, कारण सखल वस्तीत दाब टाकीच्या उंचीपेक्षा जास्त असतो. ठेकेदार घाई करतो. तरी दाब टिकल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चर बुजवू देऊ नका.

चाचणीनंतर निर्जंतुकीकरण. ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे साधारण ८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५०० मीटरला ४,००० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं असेल तर ३३ टक्के ताकदीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ६०० ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून निवळी तेवढी लाइनमध्ये सोडा, २४ तास ठेवा, मग वॉशआउटमधून (लाइन रिकामी करायचा सखल जागचा व्हॉल्व्ह) धुऊन काढा. हे पाणी जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नका. टीसीएल उन्हात, उघड्या पोत्यात ठेवली की ताकद जाते, म्हणून जुन्या पावडरवर हिशेब मांडू नका. रोजच्या पुरवठ्यात शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक मिळालं पाहिजे. टाकीजवळचा नळ तपासून काही कळत नाही.

आता देखभाल. आपल्याकडे चार-आठ दिवसांआड पाणी सुटतं, म्हणजे लाइन बराच काळ रिकामी असते. व्हॉल्व्ह एकदम उघडला की कोंडलेली हवा आणि धावतं पाणी मिळून जोडांना हादरे देतात. दहा मिनिटं घेऊन उघडा, उंचवट्यांवरचे, हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह चालू आहेत का ते महिन्याला बघा, सखल जागचे वॉशआउट पावसाळ्याआधी उघडून गाळ काढा.

गळती शोधायला रात्री गावाकडचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा आणि टाकीतली पातळी मोजा. टाकीच्या तळाचं क्षेत्र २० चौरस मीटर असेल तर एक सेंटीमीटर उतार म्हणजे २०० लिटर. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा वहीत रोज लिहिला गेला पाहिजे.

सगळ्यात धोकादायक जागा मात्र घराच्या दारात असते: नालीतून गेलेला अर्ध्या इंची नळाचा पाइप. पुरवठा थांबला की लाइनमध्ये ओढ तयार होते, कुणी नळाला पाणी ओढणारी टिल्लू मोटार लावली तर आणखी वाढते, आणि जोडाच्या फटीतून नालीचं पाणी आत येतं. गावात जुलाबाची साथ आली की आधी हे पाइप तपासा. मुख्य लाइन गटारलाइनपासून आडवं ३ मीटर दूर ठेवा. दोन्ही एकमेकींना छेदत असतील तर पाण्याची लाइन अर्धा मीटर वर हवी. नळजोडणी नाली ओलांडत असेल तर जाड पाइपाच्या आवरणातून, एकाच अखंड तुकड्यात न्या. जोड नालीच्या पलीकडे, कोरड्या जागी द्या.