साध्या इंकजेटवर हाफटोन फिल्म

गणपतीच्या तोंडावर नाशकात ढोलपथकांचे टी-शर्ट छापायला येतात आणि फोटोवाल्या डिझाइनचं घोडं स्क्रीन प्रिंटिंगच्या फिल्मवर, म्हणजे डिझाइन काळ्यात छापलेल्या पारदर्शक शीटवर अडतं. फोटोच्या छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत, म्हणजे हाफटोनमध्ये पाडाव्या लागतात. इंकजेटच्या ड्रायव्हरला लाइन स्क्रीन (हाफटोन ठिपक्यांच्या ओळींची जाळी) कळतच नाही. तुम्ही काहीही भरा, तो आपलेच बारीक ठिपके मारतो. म्हणून ठिपका फोटोशॉपमध्येच पाडा. फाइल सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) करून चॅनेल्स स्प्लिट करा, म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी फाइल होते, मग प्रत्येक ग्रेस्केल फाइल बिटमॅप मोडमध्ये न्या: ७२० डीपीआय, हाफटोन स्क्रीन, ४५ एलपीआय (इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी), इलिप्स ठिपका. मेश (छपाईच्या स्क्रीनची जाळी, इंचाला धाग्यांत मोजलेली) एलपीआयच्या साडेचार-पाच पट हवी, म्हणजे ७७टी (सेंटिमीटरला ७७, इंचाला साधारण १९५ धागे) जराशी कमीच पडते, ९०टी बरी.

ठिपक्यांच्या ओळींचे अँगल कागदावरच्या ऑफसेट छपाईचे घेऊ नका. ० आणि ४५ अंश मेशच्या धाग्यांशी भांडतात, कापडावर लाटा उमटतात. सगळे साडेसातने सरकवा: सायन २२.५, मॅजेंटा ८२.५, पिवळा ७.५, काळा ५२.५. चारही फिल्म काळ्या शाईतच, १०० टक्के साइजवर. ‘फिट टू पेज’ बंद. रजिस्ट्रेशन मार्क (चारही रंग एकमेकांवर जुळवायच्या खुणा) चॅनेल्स स्प्लिट करण्याआधीच टाकलेले असू द्या.

आणि श्रावणातली दमट हवा! फिल्म बोटाला चिकट लागत असेल तर एक्स्पोजरला (फिल्ममधून स्क्रीनवर प्रकाश पाडायला) लावूच नका, इमल्शनला (स्क्रीनवरच्या प्रकाशाने पक्क्या होणाऱ्या थराला) चिकटून शाई निघते. मी हेअर ड्रायर लांबून फिरवतो.