वापरणाऱ्याने फोनला आधीच सांगितलेलं ऐका

ॲपची किंवा वेबसाइटची स्क्रीन रेखाटण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: वापरणाऱ्याची नजर कशी आहे, फोन एका हातात धरतो की दोन्ही, काम उन्हात चालतं की मंद उजेडात, आणि हीच स्क्रीन दिवसातून किती वेळा उघडावी लागते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फोनच्या सेटिंगमध्येच असतं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, म्हणून माणूस अक्षरं मोठी करून ठेवतो, आणि ॲप ते जुमानत नाही. सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. वेबवर अक्षरांचा आकार पिक्सेलऐवजी आरईएममध्ये (ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकारावर मोजलं जाणारं एकक) द्या. ब्राउझरचा मूळ आकार सहसा १६ पिक्सेल असतो. कोणी तो २० केला की १ आरईएमही २० होतो. अँड्रॉइडवर यासाठी एसपी (फोनमधल्या अक्षर-आकाराच्या सेटिंगनुसार बदलणारं एकक) वापरा. मग अक्षरं २०० टक्के करून प्रत्येक स्क्रीन तपासा. बटणाची उंची पक्की बांधली असेल तर मजकूर कापला जातो. देवनागरीत वेलांट्या आणि उकार आधी जातात. म्हणून किमान उंची आणि पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा.

सरकणाऱ्या स्क्रीनने ज्यांना गरगरतं, ते सिस्टिममध्येच ॲनिमेशन कमी करतात. ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही मीडिया क्वेरी (वापरणाऱ्याची सेटिंग ओळखणारी सीएसएसमधली, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या कोडमधली, अट) लावून त्यांच्यासाठी सरकते परिणाम बंद करा. डार्क मोड मात्र कुणावर लादू नका: दृष्टिवैषम्य (ॲस्टिग्मॅटिझम) असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. सिस्टिमची निवड आधी पाळा, बदलायची सोय ॲपमध्येही ठेवा.

मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. उन्हात काम करणाऱ्यांसाठी ७:१ धरा. चूक दाखवताना नुसता लाल रंग पुरत नाही, सोबत चिन्ह आणि शब्द द्या.

अँड्रॉइडवर स्पर्शाची जागा ४८ डीपी (स्क्रीनच्या पिक्सेल-घनतेवर अवलंबून नसलेलं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर ठेवा. एका हाताने चालवणाऱ्यासाठी नेहमीची बटणं खाली घ्या; ‘काढून टाका’ त्यांच्या शेजारी नको.

स्क्रीन किती वेळा उघडावी लागते, हा सवयीचा प्रश्न सर्वात अवघड. दिवसभर नोंदी करणाऱ्याला दाट तक्ता आणि कीबोर्ड शॉर्टकट हवेत. वर्षातून एकदा येणाऱ्याला नुसतं चिन्ह कळत नाही, शब्द लागतो. दोघांसाठी एकच मधली स्क्रीन केली तर दोघंही अडखळतात. सुरुवातीला मोकळी मांडणी द्या, दाट मांडणीचा पर्याय ठेवा आणि केलेली निवड लक्षात ठेवा. अपडेटनंतर ती पुसली गेली नाही ना, हे प्रत्येक आवृत्तीत तपासा.