कीमून चहा कडू किंवा बेचव का होतो? या चुका टाळा

दूध, साखर आणि आलं घालून उकळलेल्या चहावर वाढलेल्या जिभेला कीमून पहिल्या खेपेस फिका लागतो. पुढच्या वेळी माणूस चमचाभर पत्ती जास्त टाकतो, वर दोन मिनिटं जास्त ठेवतो, आणि कप कडू होतो. तिसऱ्या वेळी तो डबा फडताळात मागे जातो. हे दु:खद आहे, कारण यात पत्तीचा दोष जवळपास कधीच नसतो. कीमूनमध्ये पैसे सुगंधाचे दिलेले असतात, आणि खालच्या बहुतेक चुका सुगंध घालवण्याच्याच आहेत.

कीमून हा चीनच्या आन्हुई प्रांतातल्या छीमन तालुक्याचा चहा. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या नावाचं 'कीमून' केलं. तिथे पूर्वी हिरवा चहा होत असे. हा काळा चहा १८७५ च्या सुमारास सुरू झाला असं मानतात. फूच्येन प्रांतातली पद्धत पाहून आलेल्या यू कानछन यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी लोक होंगछा, म्हणजे लाल चहा म्हणतात, कारण ते नाव पत्तीवरून नाही, कपातल्या रंगावरून ठेवतात. त्यांचा 'काळा चहा' वेगळाच असतो, मुरवलेला. चिनी दुकानातून मागवताना हा घोळ होतो, म्हणून नाव नीट वाचा.

पत्ती उकळणं

सर्वांत मोठी चूक हीच. आपला रोजचा चहा सीटीसी असतो: पान चिरडून, फाडून केलेले बारीक दाणे. ते उकळत्या दुधातही टिकावेत आणि झटपट रंग द्यावेत यासाठीच घडवलेले असतात. कीमूनची पत्ती म्हणजे अख्खं किंवा थोडंसं तुटलेलं पान, पीळ देऊन वाळवलेलं. त्याच्या सुगंधात जेरॅनिऑल या द्रव्याचा वाटा मोठा आहे. गुलाबातही तेच असतं, आणि खानदेशात ज्याचं तेल काढत त्या रोशा गवतातही. हे द्रव्य वाफेबरोबर उडतं. भांड्यात पत्ती उकळून घरभर वास दरवळला, की तो वास कपातून गेलेला असतो. मागे राहतो तो कडवटपणा. म्हणून पाणी वेगळं तापवा, पत्तीवर ओता आणि लगेच झाकण ठेवा. झाकण ही शोभेची वस्तू नाही.

डोळ्यांनी माप घेणं

कीमूनचे प्रकार आकाराने फार वेगळे असतात. गोंगफू कीमून बारीक, घट्ट, काळ्या काड्यांसारखा. त्याचा लहान चमचा भरून साधारण २ ते २.५ ग्रॅम भरतो. माओ फेंग लांब, वळणदार आणि पोकळ. तोच चमचा जेमतेम १ ते १.५ ग्रॅम. एकाच चमच्याने दोन्ही मोजले तर एक कडू आणि दुसरा पाणचट होणारच. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. या चहासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर किटलीच्याही आधी हीच.

रोजच्या पिण्यासाठी सुरुवात अशी करा: ३ ग्रॅम पत्ती, २०० मिली पाणी, ९० ते ९५ अंश सेल्सिअस, अडीच ते तीन मिनिटं. मग आपल्या जिभेप्रमाणे बदल करा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. पत्ती, वेळ आणि तापमान तिन्ही एकदम हलवली तर काय सुधारलं ते कधीच कळत नाही.

इथे एक फसगत होते. चीनमधल्या प्रमाणित चव-चाचणीत ३ ग्रॅम पत्तीवर १५० मिली उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं ठेवतात. काही विक्रेते पाकिटावर त्याच्या जवळपासचंच माप छापतात. पण ती पद्धत दोष उघडे पाडण्यासाठी आहे. चहा मुद्दाम अडचणीत टाकायचा आणि तो कुठे मोडतो ते बघायचं, असा तिचा हेतू. खरेदी करताना दोन नमुने शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर ती वापरा. सकाळच्या कपासाठी ती फार कडक आहे.

पाण्याचं तापमान आणि थंड भांडं

कडू लागलं की लोक पाणी ८० अंशांवर आणतात. कीमूनला ते मानवत नाही. कडवटपणा कमी होतो खरा, पण सुगंध बंदच राहतो आणि कप गोडसर पण निर्जीव लागतो. वेळ कमी करा, तापमान ९० च्या खाली जाऊ देऊ नका. उलट भरपूर कोवळे कोंब असलेल्या पत्तीवर खळखळतं पाणी सरळ धारेने आदळू नका. भांड्याच्या कडेने ओता.

थर्मामीटर नसेल तर पाणी उकळून, झाकण काढून मिनिटभर थांबा. समुद्रसपाटीपासून वर जावं तसा पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण १ अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या. महाबळेश्वरात कीमून करताना थांबायची गरजच नाही. मुंबईत किंवा पणजीत आहे.

भांडं आधी गरम करायला विसरणं ही लहान वाटणारी, पण फार नुकसान करणारी चूक. जाड चिनी मातीच्या थंड भांड्यात ओतलेलं ९५ अंशांचं पाणी क्षणात ८५ च्या खाली येऊ शकतं. आधी गरम पाणी भरा, अर्धा मिनिट ठेवा, ओतून टाका. मग त्या ऊबदार, ओलसर भांड्यात कोरडी पत्ती टाकून झाकण लावा आणि दहा सेकंदांनी उघडून वास घ्या. कोको, सुकं मनुकं, गुलाब, क्वचित धुराची हलकी झाक. ज्यांनी हा वास घेतला नाही त्यांनी कीमूनचा एक चतुर्थांश भाग वाया घालवला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पत्ती पाण्यातच सोडून देणं

तीन मिनिटं झाली की सगळा चहा गाळून घ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. किटलीत पत्तीसकट उरलेला अर्धा चहा दुसरा कप भरेपर्यंत तुरट होतो. कॅफिन लवकर उतरतं, पॉलिफेनॉल रेंगाळत उतरत राहतात, आणि जीभ आवळणारा तुरटपणा त्यांचाच असतो. म्हणूनच 'पाणचट आणि तरीही तुरट' असा कप झाला तर समजा की पत्ती कमी होती आणि ती भरून काढायला वेळ वाढवला गेला. उपाय उलटा: पत्ती एक ग्रॅम वाढवा, वेळ मिनिटभर घटवा.

साखळीला लटकणारा जाळीचा गोळाही टाळा. त्यात पत्तीला फुगायला जागा मिळत नाही. बाहेरची पानं जास्त उतरतात, आतली कोरडी राहतात. कपात बसणारी रुंद जाळी किंवा साधी गाळणी कितीतरी चांगली.

गायवानमध्ये होणाऱ्या चुका

गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेली बिनकानाची वाटी. तिच्यात पत्ती जास्त, पाणी कमी आणि वेळ सेकंदांत मोजायचा. ११० मिलीच्या गायवानला ४ ग्रॅम कीमून पुरतो. पहिला आणि दुसरा घाणा प्रत्येकी १० सेकंद, तिसरा १५, चौथा २५, पाचवा ४०, सहावा मिनिटभर. ऊलोंग चहाची सवय असलेले लोक ७-८ ग्रॅम घालतात, आणि कीमूनची बारीक पत्ती पहिल्याच ओतीला कडू घोट देते.

पहिलं पाणी 'पत्ती धुवायला' ओतून टाकण्याची पद्धत मुरवलेल्या चहासाठी ठीक आहे. कीमूनचा उत्तम सुगंध पहिल्याच पाण्यात असतो. तो मोरीत ओतू नका.

बोटं भाजतात, कारण वाटी काठोकाठ भरलेली असते. काठ जिथे बाहेर वळतो त्याच्या खालीच पाणी थांबवा आणि फक्त काठाला धरा.

पाणी

बोअरच्या जड पाण्यात कीमून काळपट, मंद दिसतो आणि वर तेलकट, फुटलेल्या सायीसारखा थर येतो. तो पत्तीतला मळ नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल हवेशी मिळून तो बनवतात. खात्री करायची असेल तर वेगळ्या कपात लिंबाचे दोन थेंब टाका, थर विरतो. (रंगही फिका पडतो, म्हणून हे पिण्याच्या कपात नको.)

दुसऱ्या टोकाला आरओचं पाणी. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १०-२० असलेल्या पाण्यात कीमूनला अंग राहत नाही. ५० ते १०० च्या दरम्यानचं पाणी चांगलं. आरओचा टीडीएस २० आणि बोअरचा ५०० असेल तर नऊ भाग आरओत एक भाग बोअर मिसळा, ६८ च्या जवळ येईल. तलावांतून येणारं मुंबईचं नळाचं पाणी मऊ असतं. त्याचा प्रश्न फक्त क्लोरीनच्या वासाचा, तो कार्बनच्या फिल्टरने जातो.

चव घेताना

उकळता कप ओठाला लावू नका. साधारण ५० अंशांवर जीभ नीट काम करते, म्हणजे कप बराच निवल्यावर. आणि फुरका मारा. लहानपणी ज्यासाठी ओरडा खाल्ला तेच इथे बरोबर आहे: चहा हवेबरोबर जोरात ओढला की त्याचे तुषार होतात, त्यांतला सुगंध घशामागून नाकात पोचतो आणि तिथे कळतो. ठेचा, कांदा, पान, तंबाखू यांच्यानंतर तासभर तरी चव घेण्यात अर्थ नाही. कप आतून पांढरा असावा, नाहीतर रंग दिसणार नाही.

गाळलेल्या ओल्या पत्तीचा वास तीनदा घ्यावा. गरम असताना दोष कळतात: जळका, कुबट, आंबूस. कोमट झाल्यावर सुगंधाची जात कळते. पूर्ण गार झाल्यावर कळतं की तो किती टिकतो. मग पत्ती बशीत पसरून बघा. तांबूस, एकसारखी, मऊ हवी. मध्ये हिरवे तुकडे असतील तर ऑक्सिडेशन (हवा लागून पान तांबूस होण्याची क्रिया) अपुरं राहिलं; चवीत कच्चट गवतासारखा वास येतो तो त्याचाच. पानं काळी, कडक आणि न उलगडणारी असतील तर वाळवताना आच जास्त लागली. आंबूस वास म्हणजे ऑक्सिडेशन लांबलं किंवा वाळवायला उशीर झाला. हे तिन्ही दोष कारखान्यातले आहेत. कपात काहीही करून ते दुरुस्त होत नाहीत.

दोन गोष्टी दोष वाटतात, पण नसतात. कपाच्या कडेला सोनेरी कडं दिसतं, ते थिआफ्लेविन या चहातल्या रंगद्रव्याचं, आणि ते दिसावंच. तसंच चांगला कडक कीमून गार झाला की गढूळ होतो. थिआफ्लेविन, थिआरुबिजिन हे दुसरं रंगद्रव्य आणि कॅफिन एकत्र येऊन साका धरतो. गरम केल्यावर पुन्हा नितळ. चिनी पारखी याला चांगल्या चहाची खूण मानतात.

सोनेरी कोंब पाहून किंमत ठरवणं

युन्नानच्या मोठ्या पानांच्या तिएनहोंग चहात सोनेरी कोंब भरपूर दिसतात. ते त्या जातीचं लक्षण. कीमून छोट्या पानांच्या स्थानिक झुडपांचा. तो बहुतांशी काळा असतो, करड्या तकाकीचा. 'हाओ या' नावाच्या वरच्या प्रतीत कोंबांची टोकं दिसतात, पण थोडी. झगझगीत सोनेरी 'कीमून' कोणी फार महाग देत असेल तर आधी नमुना मागा. धूर ठसठशीत असेल तर तो वूयी डोंगरातल्या लॅपसांग सूशोंगच्या वळणाचा चहा आहे. आणि पाकिट उघडताच अत्तरासारखा भपकारा, मग दुसऱ्या पाण्यात काहीच नाही, असं झालं तर बाहेरून लावलेल्या वासाची शंका घ्यावी.

दूध

इंग्लिश ब्रेकफास्ट मिश्रणांत कीमून पूर्वापार वापरला गेला आहे, तेव्हा दूध म्हणजे पाप नाही. पण दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफेनॉलना धरून ठेवतं आणि फुलासारखा भाग झाकला जातो. पहिले दोन घोट कोरे घ्या. मग हवंच असेल तर गाळल्यावर एक चमचा दूध. आलं-वेलचीसाठी आसामची पत्ती वापरा. तिथे ती कीमूनपेक्षा सरस आहे.

साठवण

मसाल्याच्या कपाटात चहा ठेवू नका. हिंग आणि गरम मसाल्याचा वास पत्ती आठवड्याभरात ओढून घेते. फ्रीजही नको: थंड डबा दमट हवेत उघडला की आत दव धरतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत ५० ग्रॅमची पाकिटं, एका वेळी एकच उघडं. असं ठेवलेला कीमून दीड-दोन वर्षं चांगला राहतो. नव्या पत्तीला भाजका वास असेल तर महिनाभर बंद ठेवा, आच उतरते.

कोकणातल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा पत्ती बोटांत चिरडून बघा. कोरडी असेल तर भुगा होतो. वाकली, चिवट लागली तर ती दमट झाली आहे. जाड तव्यावर कागद ठेवून, अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, हलवत कोरडी करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कुबट वास आलेला असेल तर मात्र ती पत्ती पिऊ नका, कुंडीत टाका.