मंडळाच्या दहा सायकली पावसाळ्याला कशा तयार कराव्यात

गल्लीत आठ-दहा सायकली मिळून ठेवायच्या, ज्याला हवी त्याने न्यायची आणि परत आणून लावायची, ही सोय बेळगावसारख्या वाढत्या शहराला छान बसते. वडगावहून खडेबाजार, अनगोळहून उद्यमबाग, टिळकवाडीहून कॅम्प, ही सगळी अंतरं सायकलीची आहेत. तरीही मृग लागला की अशा सायकली शेडमध्ये धूळ खात पडतात. पावसाचं कारण सांगितलं जातं, पण रेनकोट घालून माणूस दुचाकीवर जातोच की. खरी अडचण अशी, की ओल्या रस्त्यावर ब्रेक लागेल याचा कुणाला भरवसा नसतो, आणि दहा जणांची सायकल असल्यामुळे ब्रेक बघणं हे कुणाचंच काम नसतं.

ॲप, कार्ड, डॉक (सायकल अडकवून कुलूप लावायचा खांब) यांवर आपल्याकडे फार बोललं जातं. पुण्यात २०१७-१८ मध्ये ॲपवर उघडणाऱ्या सायकली रस्तोरस्ती आल्या आणि थोड्याच काळात त्यांतल्या कितीतरी मोडून कडेला पडलेल्या दिसल्या. गल्लीच्या सोयीला वही, किल्ल्यांचा खिळा आणि पाने-हातोडीची एक पेटी पुरते. त्या पेटीतलं काम कसं करायचं ते इथे सांगतो.

सायकली घेताना

दहाही सायकली एकाच मापाच्या घ्या. २६ इंची चाक, सिंगल स्पीड (बिनगिअरची), ॲल्युमिनियमची रिम, व्ही-ब्रेक (दोन उभ्या दांड्या दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबतात तो). देणगीत आलेली एक २८ इंची, एक लहान मुलाची, एक गिअरची असा बाजार भरवू नका. टायर, ट्यूब, ब्रेक शू (रिमवर दाबणारं रबर) सगळ्यांना एकच लागले, तर पेटीत चार ट्यूब, दोन टायर आणि दहा जोड शू ठेवून पावसाळा निघतो.

स्टीलची चकचकीत रिम स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. कोरड्यात ती ठीक चालते. ओली झाली की रबर तिच्यावरून साबणासारखं घसरतं आणि कितीही दाबलं तरी सायकल पुढे जात राहते. कपिलेश्वरचा किंवा गोगटे सर्कलचा पूल उतरताना हे लक्षात येऊन उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट घेतानाच बघा: उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला मागचा. आपल्याकडे सहसा असंच असतं, पण दहातली एक सायकल उलट निघाली तर ती त्याच दिवशी बदलून घ्या. रोज वेगळी सायकल नेणाऱ्याचा हात सवयीने चालतो. सवयीच्या उलट ब्रेक लागला की माणूस हँडलवरून पुढे जातो.

हवा, नट-बोल्ट, सीट, घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हे कुणीही बघू शकतं. दोन्ही मडगार्ड मात्र हवेतच.

ब्रेक

बहुतेक जण इथेच चुकतात, कारण सुरुवात केबलपासून करतात. ब्रेक लागत नाही म्हणाल की दुकानातला पोरगा केबल ओढून नट आवळतो. लिव्हर कडक होते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि चार दिवसांनी ब्रेक पुन्हा सैल. केबलला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी चाक, मग रिम, मग शू, मग केबल. हा क्रम मोडला तर मागचं काम पुन्हा करावं लागतं.

चाक: सायकल उलटी करा. रिम हाताने डावी-उजवीकडे हलवा. ठक-ठक लागलं तर एक्सलचे कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) सैल आहेत, ते आधी बसवून घ्या. मग चाक फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, बरोबर मधोमध आहे का बघा. नसेल तर एक्सलचे नट सैल करून चाक सरळ करा आणि दोन्ही नट आलटून पालटून आवळा. तिरक्या चाकावर ब्रेक बसवणं म्हणजे मेहनत वाया.

रिम: चाक फिरवा आणि एका शूच्या कडेशी नजर लावून बसा. रिम शूजवळ येते, लांब जाते, तो फरक दोन मिलिमीटरच्या वर असेल तर तारा ओढून घ्यायला हव्यात. तारांची चावी हातात बसलेली नसेल तर हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. एक तार जास्त ओढली की अख्खं चाक डोलायला लागतं. नंतर रिमच्या दोन्ही बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने पुसा. फडकं काळं होत राहिलं तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा.

शू: जुना शू काढून उलटा करा. आडव्या खाचा जवळजवळ मिटल्या असतील तर तो फेकून द्या. खाचा शिल्लक असतील, पण रबर काचेसारखं चमकत असेल, तर पॉलिश पेपरवर आठ-दहा वेळा घासा. रबरात चांदीसारखे चमकणारे कण रुतलेले दिसतील. ते रिमचे तुकडे आहेत. सुईने एकेक काढा, नाहीतर तेच कण रिमला खरवडत राहतात. खानापूरकडची लाल माती हेच काम दुप्पट वेगाने करते. तिची बारीक कच ओल्या शूवर बसते आणि रिम रोज घासली जाते. रिमची बाजू बोटाला आत गेलेली, वाटीसारखी लागली तर रिम बदला, ती भरल्या हवेत फुटू शकते.

आता शू बसवा. हा सगळ्यात किचकट भाग. पाच नंबरच्या ॲलन कीने बोल्ट अर्धा आवळा. शू पूर्ण रिमवर पडला पाहिजे. वर टायरला लागला तर टायरची बाजू कापतो, खाली घसरला तर तारांत अडकतो. शूचं मागचं टोक आणि रिम यांच्या मध्ये पोस्टकार्डाचा दुमडलेला तुकडा ठेवा, लिव्हर दाबून धरा आणि तशातच बोल्ट पूर्ण आवळा. कार्ड काढलं की चाक ज्या दिशेने फिरतं त्या बाजूचं टोक आधी टेकतं, आणि ब्रेक किंचाळत नाही. आवळताना शू बोल्टबरोबर फिरतो, म्हणून दुसऱ्या हाताने तो घट्ट धरा. खाचेत सरकवायचं रबर असेल तर त्याचं उघडं टोक मागे हवं. पुढे ठेवलंत तर जोरात ब्रेक दाबताच रबर बाहेर सरकून रस्त्यावर पडेल.

इथेच एक कळकळीची ताकीद. ब्रेक करकरतो म्हणून त्यावर तेल सोडायला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. आवाज थांबतो, कारण ब्रेकच थांबतो. चेनवर स्प्रे मारतानाही रिमवर फडकं धरा. शूने तेल प्यालं की ते घासून जात नाही, शू बदलावाच लागतो.

केबल: आतली तार कुठे फुटलेली, गंजलेली दिसली तर बदला, चार-पाच थेंब पातळ तेल केबलच्या नळीत सोडून. नट सोडा, दोन्ही शू रिमपासून दोन-दोन मिलिमीटरवर येतील इतकी तार ओढा आणि आवळा. एक शू जवळ, एक लांब राहिला तर ब्रेकच्या दांडीवरचा लहान स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. लिव्हर अर्ध्या वाटेत पकडायला हवी. हँडलला टेकत असेल तर चालणार नाही, आणि पाव वाटेतच पकडत असेल तर रिम जरा डोलली की घासेल.

मग खरी परीक्षा. सायकल हाताने ढकलत पुढचा ब्रेक दाबा, मागचं चाक उचललं पाहिजे. मागचा दाबा, चाक फरफटलं पाहिजे. हे कोरड्यात जमलं की रिमवर दोन तांबे पाणी ओता आणि पुन्हा करा. ओल्या रिमवर पहिला पाऊण-एक फेरा शू नुसतं पाणी पुसतो, मग पकडतो. दोन फेरे झाले तरी पकड येत नसेल तर ती सायकल वापरातून काढा. वहीत लिहा आणि खिळ्यावरून किल्ली काढून घ्या. दुसरा उपाय नाही.

चालवणाऱ्याने काय करायचं

पाणी पुसायला लागतो तो एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर रस्ता. म्हणून सिग्नल दिसताच दोन्ही लिव्हर हलके टेकवा, रिम पुसून घ्या, मग दाबा. ‘पावसात पुढचा ब्रेक लावायचाच नाही’ हा सल्ला चुकीचा आहे. सरळ रस्त्यावर थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. वळणावर, चिखलावर, झेब्राच्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर मात्र तो दाबू नका. रेल्वे गेटवर रूळ काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक रुळाच्या खाचेत बसतं. पकड वाढावी म्हणून हवा कमी करणाऱ्यांचंही ऐकू नका, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन भोकं पडतात.

किल्ली घेताना प्रत्येकाने दोन्ही ब्रेक एकदा दाबून ढकलायचे आणि वहीत खूण करायची. ही ओळ खिळ्याच्या वर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहून लावा. पहाटे पहिल्या पाळीला उद्यमबागेत जाणारा कामगार आणि दुपारी शिकवणीला जाणारी मुलगी, दोघांनाही ती वाचता आली पाहिजे.

चेन आणि शेड

चेन आठवड्याला पुसा आणि पातळ तेल लावून जास्तीचं पुसून काढा. गाडीचं जळकं ऑइल नको, त्यात माती चिकटते. वर-खाली अर्धा इंच ढील ठेवा. बारा इंचांचं माप सव्वाबारा भरायची वाट बघू नका, इंचाचा आठवा भाग वाढला की चेन बदला. शहापूर-वडगावच्या शिवारातला काळा चिखल मडगार्डात घट्ट बसतो, तो काडीने त्याच संध्याकाळी काढा.

गणपतीत मंडळाची शेड रिकामी करावी लागते. सायकली कुठे जाणार ते आषाढातच ठरवा, नाहीतर ऐन भाद्रपदात त्या उघड्यावर भिजतात आणि केबली एका रात्रीत अडकतात. पितृपक्षात, गर्दी ओसरल्यावर, दहाही सायकलींचे शू काढून पुन्हा बघा. पावसात जास्त फिरलेल्यांचे बहुधा संपलेले असतात.