इमॅजिकाला जाताय? दशम्या बांधून घ्या

जळगाव-धुळ्याकडून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं तर तिकिटांचा हिशेब सगळेच करतात, खाण्याचा कुणी करत नाही. चार माणसांचं बजेट तिथेच कोलमडतं. अशा पार्कांत बाहेरचे डबे सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून घरचं खाणं गेटबाहेरच कामी आणायचं. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगदाण्याची चटणी घ्या. कोथिंबीर घातलेला ओला ठेचा उन्हात खराब होतो, तो नकोच. आत शिरण्याआधी सगळ्यांनी पोटभर खाऊन घ्या, लेकरांना तर बसवून खाऊ घाला. उरलेल्या दशम्या परतीच्या प्रवासाला. मग आत एकच जेवण विकत घ्यावं लागतं.

जेवणासकट तिकीट मिळत असेल तर त्यात नेमकं काय येतं ते आधी विचारा. लहान मुलं अर्धं ताट तसंच टाकतात, त्यांच्यासाठी ते क्वचितच परवडतं. रिकामी बाटली नेऊन आतल्या नळावर भरता येते का, तेही बुकिंग करतानाच विचारून ठेवा.