बोट उचलायची लिफ्ट करताय? आधी पावसाच्या पाण्याचं वजन धरा

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठी बोट पाण्याबाहेर टांगून ठेवायला लिफ्ट करून घेणार असाल, तर अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी वजनाचा हिशेब स्वतः मांडा. रिकाम्या बोटीच्या वजनात इंजिन, बॅटरी, नांगर आणि पेट्रोल मिळवा. 50 लिटर पेट्रोलच साधारण 37 किलो भरतं.

खरा घात पाऊस करतो. 5 मीटर लांब, 2 मीटर रुंद तळावर 10 सेंटिमीटर पाणी साचलं तर ते 1000 लिटर, म्हणजे चक्क एक टन! म्हणून बोट वर घेतली की पहिलं काम मागचं बूच काढायचं, आणि मागची बाजू चार बोटं खाली ठेवायची. बुचाच्या भोकात हाताचं बोट घालून बघाच. पाला आणि गाळ तिथेच अडकतो.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेरून लावलेलं इंजिन मागे असल्याने मागच्या दोरांवर निम्म्याहून जास्त भार येतो. चारही वायर रोप त्याच हिशेबाने घ्या. तुटण्याची ताकद प्रत्यक्ष भाराच्या किमान पाचपट हवी. दोर फार पसरट बांधू नका. आडव्याशी 30 अंशांचा कोन झाला की ताण सरळ टांगलेल्या दोराच्या दुप्पट होतो.

विंचला, म्हणजे दोर गुंडाळून बोट वर घेणाऱ्या यंत्राला, आपोआप लागणारा ब्रेक हवाच. शिवाय इथलं पाणी पावसाळ्यापासून मेपर्यंत कित्येक मीटर उतरतं, त्यामुळे काठावर पक्क्या खांबांपेक्षा तरंगत्या धक्क्यावरची लिफ्ट मला जास्त पटते.