मगाचा कान निखळतो, बुडातून पाणी झिरपतं : रोजच्या वापराची भांडी घडवताना या चुका टाळा

भट्टी उघडावी आणि मगाच्या कानापाशी केसाएवढी भेग दिसावी, याचं फार वाईट वाटतं. दोष आपण भट्टीला देतो, पण ही भेग बहुतेक वेळा आठवडाभर आधीच पडलेली असते. मगाची भिंत घट्ट झालेली आणि कान नुकताच ओढलेला, लुसलुशीत. ओली माती जास्त आटते, भिंत तेवढी आटत नाही, आणि सांधा उलतो. कान ओढून झाला की भिंतीइतका घट्ट होईपर्यंत थांबा. दोन्हीकडे रेघोट्या पाडा, त्याच मातीची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती लावा, ती बाहेर येईपर्यंत दाबा. मग रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होईल. घाईत हे झाकणंच राहून जातं.

बुडाला इंग्रजी ‘एस’सारखी भेग पडत असेल, तर चाकावर बूड उघडल्यावर ते बोटांनी नीट दाबलं गेलेलं नाही. आत साचलेलं पाणीही स्पंजने टिपून घ्या.

पावसाळ्यात भांडं वाळल्यासारखं दिसतं, पण आत ओल असते. गालाला लावून बघा. गार लागलं तर भट्टीत घालू नका, वाफ होऊन ते फुटतं. शंका असेल तर भट्टी काही तास 80-90 अंशांवर धरा.

मगाखाली टेबलावर ओलं वर्तुळ उमटतंय? ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा थर जाड केल्याने ते थांबत नाही, माती पूर्ण पक्की व्हायला हवी. लाल माती 1000 अंशांवर भाजली की झिरपतेच. माठात तेच हवं असतं, मगात नको. कोरडा मग वजन करा, दोन तास उकळा, पुसून पुन्हा वजन करा. 500 ग्रॅमचा 520 झाला, तर मातीने 4 टक्के पाणी प्यायलं. स्टोनवेअरसाठी, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीसाठी, हे जास्त आहे. त्या मातीला सांगितलेलं तापमान भट्टीत खरंच गाठलं जातंय का, ते कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवून तपासा.

आपल्या घरात ताक, सोलकढी, लोणचं रोजचंच. म्हणून नव्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवाच. रंग उतरला तर ते भांडं खाण्यासाठी देऊ नका. तांबं जास्त असलेल्या हिरव्या ग्लेझबाबत तर विशेष जपा. डाग पडला नाही म्हणून ग्लेझ सुरक्षित ठरत नाही. विकायची भांडी असतील तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

शेवटी बूड पॉलिश पेपरने घासा, पण पाण्यात. कोरडी धूळ फुप्फुसात जाते.